आज दोनशे यार्ड नक्की!

भाकीत करायचंच असेल तर आधी आकडा मोठा घ्या. ‘आज तो बरा खेळेल’ असं म्हणणाऱ्याला अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कुणी खुर्ची पुढे करत नाही. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू छातीशी धरून पळणारा गडी, एका सामन्यात शंभर यार्ड पळाला तर खरं म्हणजे त्याचा दिवस चांगला गेला. पण हा हिशेब ज्यांना खेळ कळतो त्यांचा. तुम्ही दोनशेच्या खाली उतरू नका. आणि नुसते दोनशेही म्हणू नका, दोनशे सतरा म्हणा. सुट्या आकड्याला अभ्यासाचा वास येतो.

हा सल्ला विशेषतः मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नोकरीपायी आयडाहोतल्या बॉयसी शहरात जाऊन पडलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. शनिवारी अख्खं गाव निळ्या-केशरी कपड्यांत बाहेर पडलं की घाबरू नका. बॉयसी स्टेट या तिथल्या विद्यापीठाचं मैदानही निळंच आहे, १९८६ पासून. तुमचा टीव्ही बिघडलेला नाही. नियम कळले नाहीत तरी चालेल. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, एवढं पाठ करा. डाव चालवणारा क्वार्टरबॅक चेंडू पोटाशी देतो आणि रनिंग बॅक समोरच्या गर्दीत घुसतो. तो किती यार्डांवर आडवा होणार, हे त्याच्या आधी तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

त्याच्या पुढ्यात पाच धिप्पाड गडी उभे असतात: एक सेंटर, दोन गार्ड, दोन टॅकल. समोरच्यांना रेटून वाट तेच काढतात. भाकितात त्यांचा उल्लेख करायचा नाही. लग्नपत्रिकेत आचाऱ्याचं नाव छापतात का? हे पाच जण फक्त हरल्यावर आठवायचे असतात, त्यांच्याकडे आपण नंतर येऊच. प्रतिस्पर्ध्याचे अकरा जण तर विचारातच घेऊ नका. तेही वर्षभर व्यायाम करतात आणि त्यांनाही शिष्यवृत्त्या असतात, असल्या किरकोळ गोष्टींनी भाकीत गढूळ होतं.

आता पुरावा. २०२४ मध्ये बॉयसीकडे ॲश्टन जेंटी हा रनिंग बॅक होता, तेव्हा पुराव्यांची ददात नव्हती. पहिल्याच सामन्यात जॉर्जिया सदर्नविरुद्ध २६७ यार्ड आणि सहा टचडाउन, म्हणजे सहा वेळा चेंडू थेट शेवटच्या रेषेपार. असा आकडा सांगताना प्रतिस्पर्ध्याचं नाव खोकल्यात दडपावं. पुढच्याच आठवड्यात ओरेगनच्या घरी जाऊन १९२ यार्ड, तीन टचडाउन. इथे मात्र नाव खणखणीत घ्यावं, फक्त सामना ३७-३४ असा हरलो होतो हे सांगायची घाई करू नये. शिवाय पोराची उभं राहायची एक तऱ्हा होती. बाकीचे रनिंग बॅक गुडघ्यात वाकून, हात मांड्यांवर ठेवून तयार असतात. हा हात खाली सोडून सरळ ताठ उभा, चेहऱ्यावर काही नाही. टेलगेटला, म्हणजे स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये, शेगडीवर सॉसेज परतणाऱ्या काकांना याबद्दल विचारून पाहा. चिमटा हातात तसाच ठेवून ते तुम्हाला तो कसा उभा राहतो ते करून दाखवतील. आणि मग म्हणतील, ‘बघ. आता हा दोनशे नाही पळणार?’ या युक्तिवादाला उत्तर नाही.

डिसेंबरअखेरीस तर सगळ्या ग्रहांनी रांग धरली होती. जेंटीच्या नावावर २४९७ यार्ड. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचा १९८८ चा एका मोसमातला विक्रम २६२८ यार्डांचा. म्हणजे तो मोडायला हवे होते फक्त १३२. ज्या पोराला आपण दर शनिवारी तोंडातोंडी दोनशे देत होतो, त्याला १३२ म्हणजे काय! वर सामना फिएस्टा बाउल, म्हणजे मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यांतला एक. बॉयसी तिथे तोवर तीनदा खेळली होती आणि तिन्हीदा जिंकली होती. २००७ साली तर ओक्लाहोमाला ४३-४२ ने हरवल्यावर इयन जॉन्सन या रनिंग बॅकने मैदानावरच गुडघे टेकून चिअरलीडर मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली होती. इतका शुभ शकुन असताना समोरच्या पेन स्टेटची बचावफळी कशी आहे हे पाहत बसणं म्हणजे निव्वळ अश्रद्धा. आणखी एक मुद्दा होता. आधीचा सामना ६ डिसेंबरला संपलेला, हा ३१ डिसेंबरला. पोराला भरपूर विश्रांती मिळालेली, म्हणजे तो ताजातवाना. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

जेंटी त्या दिवशी तीस वेळा चेंडू घेऊन धावला. यार्ड १०४. टचडाउन एकही नाही, चेंडू हातून निसटला तो वेगळाच. मोसमभर एका धावेला सात यार्डांच्या वर सरासरी राखणाऱ्याला साडेतीनच्याही पुढे जाऊ दिलं नाही त्या लोकांनी. पेन स्टेट ३१-१४ ने जिंकली. त्यांचा कायट्रन ॲलन, ज्याच्याबद्दल आपल्या पार्किंगमध्ये कुणीही भाकीत केलं नव्हतं, जेंटीपेक्षा जास्त यार्ड पळाला. विक्रम मोडायला अठ्ठावीस यार्ड कमी पडले.

कच्चा भविष्यवेत्ता इथे मान खाली घालतो. तुम्ही घालू नका, खरं काम आता सुरू होतं. ते पाच गडी आठवतात ना? त्यांनी वाट काढली नाही. पंच कुठे पाहत होते? डावपेच आखणाऱ्याने चेंडू सतत मधूनच का पळवला? आणि ती विश्रांती: एवढी सुट्टी दिल्यावर पोराला गंज चढणार नाही तर काय होणार! सकाळी आणि संध्याकाळी एकच कारण दोन्ही बाजूंनी वापरता आलं की समजावं, आपण तयार झालो.

एका धोक्याची मात्र सूचना देतो. गर्दीत एखादा ओक्लाहोमा स्टेटचा पिकल्या मिशांचा माणूस सापडतोच. तो हळूच सांगतो की बॅरीने २६२८ यार्ड अकरा सामन्यांत काढले होते, जेंटीला चौदा मिळाले; त्या काळी बाउल सामन्यांतले यार्ड मोसमात धरत नसत, त्यामुळे वायोमिंगविरुद्धचे आणखी २२२ यार्ड बॅरीच्या खात्यात आलेच नाहीत. याला वाद घालून काही मिळत नाही. चिवड्याचा डबा पुढे करावा आणि हवेचा विषय काढावा.

खरोखर अचाट दिवस कधी येतात, याची चौकशी करू नका. १५ नोव्हेंबर २०१४ ला विस्कॉन्सिनच्या मेल्विन गॉर्डनने नेब्रास्काविरुद्ध ४०८ यार्ड काढले, तेही सामन्याच्या चारपैकी तीनच क्वार्टरमध्ये. चौथ्याला तो बाकावर होता. हा विक्रम आता वर्षानुवर्षं टिकणार, असं जाणत्यांनी सांगितलं. पुढच्याच शनिवारी ओक्लाहोमाचा पहिल्या वर्षाचा समाजे पेरीन कॅन्ससविरुद्ध ४२७ पळाला. आदल्या दिवशी कुणी ४२७ म्हणालं असतं तर त्याला कुणी घरी नेऊन सोडलं असतं. पण आता ओक्लाहोमात फिरलात, तर ‘मी म्हणालोच होतो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील आणि प्रत्येकाकडे साक्षीदार म्हणून मेहुणा असेल.

तुम्ही या कामात फार दिवस नवखे राहणार नाही, याची मला खात्री आहे. सचिनचं नव्व्याण्णवावं शतक मार्च २०११ मध्ये नागपुरात झालं आणि शंभरावं पुढच्या मार्चमध्ये मीरपूरला. मधलं वर्षभर दर सामन्याआधी ‘आज नक्की’ म्हणणारे आपणच होतो. ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी भारत बांगलादेशाकडून हरला. हे तपशील कोणते गाळायचे आणि कोणते ठेवायचे, ते आपल्याला शिकवावं लागत नाही.

जेंटी एप्रिल २०२५ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात तेव्हा, सहाव्या क्रमांकावर लास व्हेगास रेडर्सकडे गेला. बॉयसीच्या निळ्या मैदानावर दरवर्षी वसंतात सराव सुरू होतो आणि जागेसाठी नवी पोरं झगडत असतात. पहिल्या सामन्यात चेंडू कुणाच्या हाती जाणार, हे तेव्हा प्रशिक्षकांनाही ठाऊक नसतं. त्यांना विचार करू द्या. तुम्ही तोवर दोनशे एकवीस सांगून मोकळे व्हा, नाव मागाहून भरता येतं.