पोरगं खोटं बोललं

सतीश शाह गेले त्या आठवड्यात, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये, आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांच्या ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’ या मालिकेच्या क्लिपांचा पूर आला. दोन दिवस सगळे हसले. तिसऱ्या दिवशी भांडण लागलं. माया साराभाईनं सुनेच्या ‘मनीषा’ या नावाचं ‘मोनिषा’ करून टाकलं, कारण मनीषा म्हणे फार मिडल क्लास. आता हा छळ की विनोद? कोल्हापूरची मावसबहीण म्हणाली, सरळ सरळ छळ. पुण्याचा आतेभाऊ म्हणाला, मोनिषानं आधी घर आवरायला शिकावं, मग बोलावं. मग आत्या उतरली. आत्या उतरली की विषय मालिकेचा राहत नाही. २००४ साली सुरू झालेल्या मालिकेवरून तिनं स्वतःच्या सासूचा सगळा हिशेब काढला.

मी सिएटलमध्ये सकाळी उठून हे दीडशे मेसेज वाचले, आणि त्याच दिवशी दुपारी ऑफिसात जेवताना दुसऱ्याच एका घराबद्दलच्या वादात सापडलो. क्रेन कुटुंब. ‘फ्रेझर’ ही मालिका १९९३ ते २००४ अशी अकरा सीझन चालली आणि तिनं ३७ एमी पारितोषिकं मिळवली. ती घडते आमच्या सिएटलमध्ये, त्यामुळे इथल्या लोकांना ती गावातलीच वाटते. खरं तर चित्रीकरण जवळजवळ सगळं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतलं. फ्रेझरच्या बाल्कनीतून स्पेस नीडल हा इथला मनोरा जसा दिसतो, तसा इथल्या कुठल्याच फ्लॅटमधून दिसत नाही. तसा बघायचा तर केरी पार्कच्या कठड्याशी जाऊन उभं राहावं लागतं.

तर फ्रेझर क्रेन हा मानसोपचारतज्ज्ञ. रेडिओवर लोकांना सल्ले देतो, शेरी पितो, ऑपेराला जातो. त्याचा बाप मार्टिन हा निवृत्त पोलीस. कमरेत गोळी लागलेली, हातात काठी, एकटं राहणं जमत नाही, म्हणून पहिल्याच भागात तो मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला येतो. येताना आपली जुनी, पट्ट्यापट्ट्यांची, चिकटपट्टी लावलेली आरामखुर्ची घेऊन येतो. मुलाच्या उंची फर्निचरमध्ये ती खुर्ची अकरा वर्षं तशीच ठाण मांडून असते.

भानगड अशी, की फ्रेझर हे पात्र मुळात ‘चिअर्स’ या आधीच्या मालिकेतलं. बॉस्टनमधल्या बारमधलं. आणि तिथे त्यानं मित्रांना सांगितलेलं असतं, की माझे वडील शास्त्रज्ञ होते आणि ते वारले. मग हा जिवंत पोलीस कुठून आला?

लेखकांना नव्या मालिकेसाठी बाप हवा होता, म्हणून त्यांनी तो आणला. पण चाहत्यांना एवढ्यावर समाधान कुठलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन पक्ष होते. पहिला म्हणे, तो मेलेला शास्त्रज्ञ हाच फ्रेझरचा खरा बाप, मार्टिननं फक्त सांभाळलं. पुरावा? फ्रेझरच्या आईचं लग्नानंतर बाहेर प्रकरण होतं, हे पहिल्या सीझनमध्येच उघड होतं. शिवाय फ्रेझर आणि त्याचा भाऊ नाइल्स, दोघांना वाइनचं वेड आणि बापाला बिअरचं. दुसरा पक्ष म्हणे, ‘चिअर्स’चं जग वेगळं आणि ‘फ्रेझर’चं वेगळं. कारण ‘चिअर्स’मध्ये फ्रेझरची आई येते ती त्याच्या प्रेयसीला ठार मारायची धमकी देते, आणि पुढे ‘फ्रेझर’मध्ये तीच बाई देवमाणूस म्हणून आठवली जाते. (यावर मी म्हणालो, यासाठी दोन जगं लागत नाहीत, आमच्याकडे एकाच घरात भागतं.) तिसरा पक्ष सगळ्यात बिलंदर. १९८८ साली ‘सेंट एल्सव्हेअर’ नावाची हॉस्पिटलची मालिका संपली, ती अशी, की हे सगळं म्हणजे काचेच्या गोळ्याकडे बघत बसलेल्या एका स्वमग्न मुलाच्या मनातलं. त्या मालिकेतले डॉक्टर एकदा ‘चिअर्स’च्या बारमध्ये आले होते. म्हणजे ‘चिअर्स’ही त्या मुलाच्या मनातलं, म्हणजे ‘फ्रेझर’ही. बाप शास्त्रज्ञ असो की पोलीस, पोराच्या कल्पनेला कोण विचारणार!

मला हा खेळ आवडतो, हे कबूल करतो. पंधरा मिनिटांत चार माणसं पुरावे मांडतात, उलटतपासणी करतात, कुणाची आई-बहीण निघत नाही, आणि एक वाजता सगळे मीटिंगला जातात. आपल्याकडे मालिकेवर बोलणं म्हणजे निवाडा. ही चांगली, ती आगाऊ, त्याला दोन ठेवून द्यायला हव्यात. कथेत भोक पडलं तर आपण ते बघून न बघितल्यासारखं करतो. नट बदलला तर खाली पट्टी येते, ‘यापुढे ही भूमिका अमुक करतील’, आणि दुसऱ्या दिवसापासून तोच मुलगा. पात्र नकोसं झालं तर ते शिकायला परदेशी जातं. अमेरिकेतल्या ‘हॅपी डेज’मध्ये थोरला मुलगा चक असाच दुसऱ्या सीझननंतर गायब झाला, तर इथल्या लोकांनी त्या प्रकाराला त्याच्याच नावानं ओळखायला सुरुवात केली आणि अजून त्याला शोधतायत. आपल्याकडे असे किती चक लंडन-अमेरिकेला पाठवले असतील! कुणी विचारलं नाही. परदेश ही आपल्या मालिकांची अडगळीची खोली आहे, आणि आम्ही इकडचे सगळे त्या हिशेबानं कथेतून काढलेली माणसं.

पण खेळ आवडतो म्हणून तो शहाणपणाचाही आहे असं वाटत होतं, तिथे अण्णांनी मला आडवं केलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. सांगली डेपोत एसटीचे कंडक्टर होते. खाकी, बिल्ला, तिकिटांचा ट्रे, आणि मुक्कामी गाडी असली की दुसऱ्या दिवशी दुपारी घरी. उभं राहून राहून गुडघे गेले. मागच्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे सहा महिने होते. टीव्हीवर काय बघणार? मुलीनं त्यांना ‘फ्रेझर’ लावून दिलं. इंग्रजी निम्मंअर्धं कळायचं, पण मार्टिन खुर्चीत बसून कुरकुरायला लागला की अण्णा खुदकन हसायचे. मार्टिनचा कुत्रा फ्रेझरकडे टक लावून बघत बसतो, तेही त्यांना फार आवडायचं. फ्रेझरच्या हातून एकदा ती खुर्ची पेटते आणि बाल्कनीतून खाली पडते, तो भाग आम्ही एकत्र बघितला. अण्णा ताठ होऊन बसले. शेवटी मुलगा हुबेहूब तशीच खुर्ची बनवून घेतो तेव्हा म्हणाले, “तसलीच हाय, पर ती न्हवं.”

एका संध्याकाळी मी त्यांना हा सगळा घोळ सांगितला. शास्त्रज्ञ बाप, दोन जगं, काचेचा गोळा. त्यांनी शेंगा सोलता सोलता ऐकून घेतलं.

“आरं, त्यात एवढं कोडं काय हाय?” म्हणाले. “पोरगं खोटं बोललं. चार शिकलेली माणसं बसलेली, बाप पोलीस म्हणून सांगायची लाज वाटली. मेला म्हणून सांगितलं की पुढचं कोण इचारत न्हाई.”

मालिकेतही उत्तर हेच आहे. १९९५ च्या एका भागात ‘चिअर्स’मधला मित्र सॅम सिएटलला येतो आणि जिवंत बाप बघून चक्रावतो. तेव्हा फ्रेझर ओशाळून सांगतो, की त्या वेळी आमचं भांडण झालं होतं, रागात बोलून गेलो. एवढं स्वच्छ उत्तर तीस वर्षं समोर असताना माझ्या टेबलावरची हुशार माणसं विश्वाची फेररचना करत बसली होती, आणि मीही त्यांच्यात होतो. आत्याला हे सांगितलं असतं तर तिनं एका वाक्यात निकाल दिला असता, नालायक कार्टं. ते चूक झालं असतं, पण दिशा बरोबर असती. ती माणसाकडे बघत असते. आम्ही भोकाकडे.

आत्याचं दुसरं एक ठाम मत आहे, अमेरिकेत आईबापांना कुणी विचारत नाही. इथल्या सर्वांत गाजलेल्या मालिकांपैकी एक अकरा वर्षं बापाला घरी आणलेल्या मुलावर चालली, हे मी तिला लिहिलं होतं. तिचं उत्तर आलं, “म्हणूनच मालिका झाली. आपल्याकडे होईल का यावर मालिका?” यावर मला काही सुचलं नाही. आमच्या गल्लीत ऐंशीच्या पुढच्या एक बाई वॉकर घेऊन एकट्या राहतात. मुलगा दर रविवारी येतो, कचऱ्याचे डबे रस्त्यावर लावतो, तासभर बसतो, जातो. आणि सांगलीत दोन खोल्यांत अण्णा वर्षातले सहा महिने तरी एकटे असतात. त्यांच्याकडे रविवारीही कुणी येत नाही. मी व्हिडिओ कॉल करतो.

तर पोरगं खोटं बोललं, असं म्हणून अण्णा पुन्हा शेंगांकडे वळले. मी काही बोललो नाही. कारण इथे आलो त्या पहिल्या वर्षी अशाच एका जेवणाच्या टेबलावर कुणीतरी विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हणालो होतो, ट्रान्स्पोर्ट मॅनेजमेंटमध्ये होते. कुणी पुढे विचारलं नाही. नंतर तेच सवयीचं झालं. इथल्या मराठी मंडळींतही तेच पसरलं.

अण्णांच्या परतीच्या आदल्या शनिवारी आमच्याकडे दहा-बारा जण जेवायला होते. एका गृहस्थांनी त्यांच्या शेजारी बसत आदरानं विचारलं, “काका, तुम्ही ट्रान्स्पोर्ट मॅनेजमेंटला होता ना?”

मी हातात श्रीखंडाचं पातेलं घेऊन उभा. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“व्हय,” म्हणाले. “बसल्याली, उभारल्याली धरून रोज साठ-सत्तर माणसं मॅनेज करायचो. सुट्टे पैसे मातुर कुणाकडं नसायचे.”