पवनचक्की दिसत नाही, हे कसे सिद्ध करावे

सातारा जिल्ह्यातील एखाद्या पठारावर उभ्या राहू पाहणाऱ्या पवनचक्कीसाठी 'भूदृश्य व दृश्य-परिणाम' या मथळ्याचे प्रकरण लिहून देण्याचे काम आपल्याकडे आले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. हा मान आपल्या देशात फार थोड्यांच्या वाट्याला येतो, कारण कायद्याला अशा प्रकरणाची गरजच भासलेली नाही. पर्यावरणीय आघाताचे मूल्यांकन कोणकोणत्या प्रकल्पांना करावे लागेल हे ठरवणाऱ्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेच्या अनुसूचीत पवनऊर्जेचे नाव नाही, आणि नाव नाही म्हणून जनसुनावणीही नाही. पुढे 2016 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी अशी रंगवार विभागणी केली, तेव्हा सोज्वळ उद्योगांसाठी एक नवा पांढरा गट काढून पवनऊर्जेला त्यात बसवले. तरीही आपल्याला लेखणी उचलावी लागते आहे, कारण प्रकल्पाला कर्ज देणारी संस्था परदेशी आहे, आणि जागतिक बँक समूहाच्या पवनऊर्जेविषयीच्या 2015 च्या सूचनांमध्ये भूदृश्यावर होणाऱ्या परिणामाचाही विचार करावा, असे म्हटले आहे. ठोसेघरच्या पुढच्या क्षितिजाची चिंता मंत्रालयाला नसली तरी वॉशिंग्टनला आहे, ही गोष्ट ऐकून साताऱ्याच्या माणसाला भरून यावे.

पद्धत कोणती वापरावी, हा प्रश्न आपल्याला पडू नये. ब्रिटनमधील भूदृश्य-वास्तुतज्ज्ञांच्या संस्थेने या विषयावर एक मार्गदर्शक ग्रंथच काढलेला असून त्याची तिसरी आवृत्ती 2013 मध्ये आली. ग्रंथ प्रामाणिक माणसांनी लिहिलेला आहे, हा त्याचा एकमेव दोष होय. त्यात सांगितले आहे की, आधी जागा नीट पाहावी, मग पाहणाऱ्यांची संवेदनशीलता आणि बदलाचे प्रमाण ही दोन्ही स्वतंत्रपणे ठरवावीत, आणि त्यानंतरच दोहोंच्या मेळातून परिणामाची तीव्रता काढावी. आपण हाच क्रम उलट्या बाजूने पाळावा. तीव्रता 'मध्यम' लिहून ठेवावी आणि मग तिथपर्यंत पोहोचण्यासाठी संवेदनशीलता किती खाली उतरवावी लागते, ते पाहावे. 'नगण्य' लिहिण्याचा मोह टाळावा; नगण्य म्हटले की वाचणाऱ्याला संशय येतो, आणि 'तीव्र' म्हटले की यंत्राच्या मालकाला घाम फुटतो. 'मध्यम' हा शब्द दोघांनाही झोप लागू देतो.

उंचीचा विषय नाजूक आहे. हल्लीच्या मोठ्या यंत्राचा मनोरा 140 मीटरचा आणि फिरणाऱ्या पंख्याचा व्यास 144 मीटरचा असला, तर वर गेलेल्या पात्याचे टोक जमिनीपासून 212 मीटरवर जाते. कुतुबमिनार साधारण 73 मीटरचा आहे. एकावर एक तीन ठेवले तरी पाते त्यांच्या शेंड्याच्या जवळपास पोहोचते. ही तुलना आपण कुठेही करू नये. मुख्य मजकुरात फक्त मनोऱ्याची उंची द्यावी आणि पात्याचा विषय परिशिष्टात ठेवावा. पाते सतत फिरत असल्याने ते कोणत्याही एका ठिकाणी असते असे म्हणता येत नाही, हा युक्तिवादही हाताशी ठेवायला हरकत नाही.

यानंतर नकाशा येतो. संगणकाला भूपृष्ठाचे चढउतार दिले की यंत्र कोठकोठून दिसू शकेल, तो टापू तो रंगवून दाखवतो. पठारावर उभारलेल्या वस्तूच्या बाबतीत हा नकाशा फार रंगीत येतो, कारण पठार मुळात उंचावर असते, वर झाडे नसतात, जांभ्याचा कातळ आणि त्यावरचे गुडघाभर गवत एवढाच काय तो आडोसा. वारा अडू नये म्हणून जी जागा निवडली, तिथे नजर तरी कशी अडणार? तेव्हा गणित पात्याच्या टोकाऐवजी मनोऱ्याच्या माथ्यावरून करावे, त्यामुळे रंग बराच उतरतो. आणि रंगासाठी फिकट पिवळा निवडावा. तांबडा रंग दिलेला नकाशा वाचणाऱ्याला कारण नसताना घाबरवतो.

आता छायाचित्रांकडे वळू, कारण या व्यवसायातली खरी कला इथेच आहे. ब्रिटिश संकेतानुसार मानवी नजरेशी जुळणाऱ्या 50 मिलिमीटरच्या भिंगाने चित्रे घ्यायची, त्यांवर यंत्राचे संगणकीय चित्र बसवायचे, आणि स्कॉटलंडमध्ये तर अशी चित्रे पावणेतीन फुटांहून अधिक लांबीच्या कागदावर छापून द्यायची, म्हणजे प्रत्यक्षात यंत्र डोळ्याला केवढे वाटेल तेवढेच ते कागदावर वाटते. आपल्याला एवढा लांब कागद परवडणारा नाही. रुंद भिंगाने घेतलेले विस्तृत दृश्य साध्या ए-चार कागदाच्या अर्ध्या भागात बसवले, की 212 मीटरची वस्तू टाचणीएवढी होते आणि वर आकाश मात्र भरपूर उरते. दृष्टिस्थळे निवडतानाही थोडी रसिकता दाखवावी. सज्जनगडावरून समोरच्या पठारावरच्या चक्क्या दिसतात, हे गडावर गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्यामुळे गड यादीतून वगळता येत नाही. परंतु गडावर उभे कोठे राहायचे, हे आपल्या हातात आहे. एखाद्या धर्मशाळेच्या भिंतीच्या आडून घेतलेले दृश्यही गडावरचेच असते.

ऋतूची निवड तर निसर्गानेच करून ठेवली आहे. जून ते सप्टेंबर हे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर वाऱ्याचे दिवस. चक्क्यांची सर्वाधिक कमाई याच महिन्यांत होते. पाटणजवळच्या सडावाघापूरला दरीत कोसळणारे पाणी उलटे वर फेकणारा वाराही हाच, आणि तो पाहायला जाणाऱ्या शेकडो गाड्यांमधील मंडळी मागच्या चक्क्यांसह स्वतःचे फोटो काढतात, ही गोष्ट 'सकारात्मक दृश्य-परिणाम' या उपशीर्षकाखाली अवश्य नोंदवावी. मात्र आपण स्वतः जुलैच्या एखाद्या सकाळी जावे. त्या वेळी पठारावर धुके असे उतरलेले असते की समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नाही, मग मनोरा कुठला? यंत्र ज्या दिवसांत सर्वाधिक चालते त्याच दिवसांत ते अदृश्य असते, हे विधान शंभर टक्के खरे आहे, आणि अशी संधी स्कॉटलंडमधल्या आपल्या सहव्यावसायिकांनाही क्वचितच मिळत असेल. सप्टेंबरच्या अखेरीस धुके विरते, सोनकी, तेरडा आणि सीतेची आसवे फुलतात, आणि कास पठाराकडे माणसांची रीघ लागते. त्या पंधरवड्यात आपण आजारी पडावे.

पाहणाऱ्या माणसांच्या संवेदनशीलतेचे कोष्टक भरताना ब्रिटिश ग्रंथाचा आपल्याला फार मोठा आधार आहे. त्यात म्हटले आहे की, घरात राहणारे रहिवासी आणि दृश्य पाहण्यासाठीच आलेले प्रवासी सर्वांत संवेदनशील असतात, तर कामात गुंतलेल्या माणसाचे लक्ष कामाकडे असल्यामुळे तो कमी संवेदनशील धरावा. मूळ विचार कारखान्यातल्या वा कचेरीतल्या माणसाचा असावा. पण आपण तो पठारावर आणावा. म्हशी चारणारा गवळी-धनगर दिवसभर उघड्यावर असतो, त्याच्या नजरेसमोर दुसरे काही नसते, आणि त्याच्या बापजाद्यांनी पठाराच्या प्रत्येक टेकाडाला, डबक्याला नाव दिलेले असते. तथापि तो कामावर आहे, सबब संवेदनशीलता कमी. नाचणीच्या रोपांची लावणी करणारी बाई वाकलेली असते, सबब तिला क्षितिज दिसत नाही. याउलट पुण्याहून शनिवारी येणारा पाहुणा उच्च संवेदनशील ठरतो, पण तो आठवड्यातून एकच दिवस येतो म्हणून त्याची वारंवारता कमी. उरले रहिवासी. त्यांचे घर अतिसंवेदनशील खरे, परंतु जावळी आणि पाटणच्या डोंगरी गावांतली निम्मी माणसे कित्येक पिढ्यांपासून मुंबईत माथाडीचे काम करतात, आणि घराला कुलूप असले की खिडकीतून कोण पाहणार? गावाकडे फिरकण्याची वेळ गणपतीत किंवा ग्रामदैवताच्या यात्रेलाच येते. अशा घरांपुढे 'हंगामी वास्तव्य' लिहावे. चाकरमान्याला वर्षभर डोळ्यांपुढे दिसत राहणारी गोष्ट म्हणजे आपल्या गावचा डोंगर, हा मुद्दा कोष्टकात बसत नाही. कोष्टकात न बसणाऱ्या गोष्टींना आपला इलाज नाही.

इथे हरकतदारांविषयी एक शब्द सांगणे आवश्यक आहे, कारण ते काही सगळेच साधुसंत नसतात. सह्याद्रीचे सौंदर्य नष्ट होईल, अशी कळकळीची पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी त्याच डोंगराच्या कडेला निळ्या पत्र्याच्या छपराचे रिसॉर्ट बांधले आहे का, याची चौकशी करावी. बहुधा सापडतेच. वीज सर्वांना हवी आहे, कोळसा कोणालाच नको आहे, आणि चक्की फक्त दुसऱ्याच्या खिडकीत हवी आहे; या तिढ्यावर उत्तर शोधण्याचे काम आपल्या मानधनात धरलेले नाही.

परिणाम कमी करण्याच्या उपायांसाठी एक परिच्छेद पुरतो. मनोरा फिकट करड्या रंगाने रंगवल्यास तो आकाशात मिसळून जाईल, असे लिहावे. त्याच्या पुढच्याच ओळीत विमानांना तो लांबून स्पष्ट दिसावा म्हणून माथ्यावर तांबडे दिवे लावण्यात येतील, असे लिहावे लागेल. या दोन वाक्यांमध्ये पान उलटेल, अशी काळजी घ्यावी. फिरत्या पात्यांची सावली घरावर पडून ऊन लपंडाव खेळत असेल, तर वर्षाला 30 तास आणि दिवसाला 30 मिनिटे ही जागतिक बँक समूहाची मर्यादा उद्धृत करावी. ज्याच्या ओसरीवर सावली फिरते त्याने घड्याळ लावून बसावे.

शेजारी जुन्या चक्क्या असतील तर आपले काम अर्धे झाले. वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पाव शतकापासून चक्क्या आहेत, म्हणून तेथील भूदृश्य 'ऊर्जानिर्मितीप्रधान' असल्याचे नोंदवावे. जिथे शेकडो आहेत तिथे आणखी एकीने काय बिघडते? आणि जिथे अद्याप एकही नाही, तिथे एकच तर आहे, असे लिहावे. पहिल्या चक्कीचा परिणाम ती एकटी असल्यामुळे किरकोळ आणि शंभराव्या चक्कीचा परिणाम ती एकटी नसल्यामुळे किरकोळ. दुसरी ते नव्व्याण्णवावी यांच्याविषयी कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

चाळकेवाडीच्या बाबतीत एक अडचण मात्र आहे, आणि ती बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी निर्माण केली आहे. त्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी कमी फिरकतात, त्यामुळे तिथल्या पंखगळ्या सरड्यांची संख्या वाढते, शत्रूची धास्ती घटते, आणि नराच्या गळ्याखालच्या पंख्याचे निळे-नारिंगी रंग मात्र फिके पडतात. चक्कीमुळे ज्याचे स्वतःचेच दर्शन बदलले असा हा पठारावरचा रहिवासी आहे. कामात गुंतलेला म्हणावे तर तो दिवसभर दगडावर बसून सभोवार पाहत असतो आणि कुलूप लावून मुंबईला जात नाही. त्याला 'जैवविविधता' या प्रकरणात ढकलावे. ते प्रकरण दुसऱ्या सल्लागाराकडे असते.

शेवटी, परिणाम 'दीर्घकालीन परंतु पूर्ववत करता येण्याजोगा' असल्याचे नमूद करावे, कारण पंचवीस वर्षांनी यंत्र उतरवले जाईल. पायाचे शेकडो घनमीटर काँक्रीट जांभ्यातच राहील, पण ते जमिनीखाली असल्याने दृश्य-परिणामाच्या कक्षेत येत नाही; शिवाय जुनी यंत्रे काढून त्यांच्या जागी अधिक मोठी बसवण्यासाठी केंद्र सरकारने 2023 मध्ये धोरण आणलेलेच आहे, तेव्हा पंचवीस वर्षांनी उतरवलेल्या यंत्राच्या जागी काय उभे राहील, याची कल्पना आपल्याला असेलच. फाइल जपून ठेवावी.

सादर करण्यापूर्वी मजकूर एकदा वाचून घ्यावा. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील खाणीच्या अहवालातले परिच्छेद जसेच्या तसे आले होते, आणि कोकणात सूचिपर्णी वृक्षांची जंगले उगवली होती. आपला मजकूर स्कॉटलंडमधून आला असेल, तर संगणकाकडून 'हेदर' (तिकडच्या माळरानांवरचे झुडूप) हा शब्द शोधून तिथे 'कारवी' घालून घ्यावे, लॉख, म्हणजे तिकडचे सरोवर, म्हटले असेल तिथे कोयनेचा शिवसागर जलाशय करावा, आणि हिवाळ्यातील हिमवृष्टीत यंत्र कमी उठून दिसेल, हे वाक्य कितीही सोयीचे वाटले तरी काढून टाकावे.