‘कुणाच्या तरी आजीने’ या शब्दांबद्दल

साताऱ्यातल्या माण तालुक्यात म्हसवड आहे, तिथल्या माणदेशी तरंग रेडिओवर आणि तिथं ऐकू येणाऱ्या ओव्यांवर मी लिहिलं होतं, त्याखाली काल एक प्रतिक्रिया आली. थोडक्यात सांगतो: लेख भावनिक आहे, रेंज चुकीची दिलीय, ‘कुणाच्या तरी आजीने चार ओव्या म्हटल्या म्हणून ती हिरो होत नाही’, यूट्यूब असताना असला रेडिओ कशाला, आणि कुणाला हिरो करायचं ते शेवटी स्टेशन चालवणारी संस्थाच ठरवते.

रेंजचं तुमचं बरोबर आहे. मी ५० किलोमीटर लिहिलं, पण कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे असल्या एका परिसरापुरत्या रेडिओचा, ट्रान्समीटर ५० वॉटचा असतो आणि आवाज साधारण १०-१५ किलोमीटर जातो. माझा घोळ झाला, दुरुस्त केलंय, आभार.

पण दादा, ‘कुणाच्या तरी आजीने’? तुम्ही टोपणनावानं लिहिता म्हणून काहीही लिहाल का? मुद्दा मांडायला माझी ना नाही, ही भाषा मात्र मला लागली, आणि का लागली तेही सांगतो.

माझी आजी माणमधलीच. ७२च्या दुष्काळात तिनं खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे तेव्हा बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी खाल्ल्या. आम्ही झोपेत असायचो तेव्हा ती जात्यावर बसायची, एक हात खुंट्यावर, दुसऱ्या हातानं घास टाकायची, आणि ओवी कायम घास पडल्यावरच सुरू व्हायची. तिच्या ओवीत विठ्ठल असायचा, भाऊ असायचा आणि शेजारची एक काकू असायची, जिनं त्या दुष्काळात स्वतःच्या पोरांच्या ताटातली अर्धी भाकरी माझ्या वडलांना दिली होती. त्या काकूचा कुठं फोटो नाही, सत्कार नाही. आजीच्या ओवीत मात्र ती रोज पहाटे यायची. आता सांगा, हिरो कोण ते तुम्ही ठरवणार की आजी? बायका हे पिढ्यान् पिढ्या करत आल्यात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात आई आहे, भाऊ आहे आणि बाबासाहेबही आहेत. शाळेत न गेलेल्या बायकांनी आपली मोठी माणसं स्वतः निवडली आणि गाण्यात जपली, तुमच्या-माझ्या परवानगीशिवाय!

आजी गेली तेव्हा आमच्या परिसरात असा रेडिओ नव्हता. घरात तिचे तीन फोटो आहेत, आवाज एक सेकंदाचासुद्धा नाही. म्हणून २००८ साली म्हसवडला हे स्टेशन सुरू झालं याचं मला इतकं अप्रूप आहे. आत्या तिथं ओव्या म्हणायला गेली तेव्हा बांगड्या माइकवर वाजायला लागल्या, तर ती म्हणाली, ‘बांगड्या काढल्या तर ओवी कशी यायची?’ मग बांगड्यांसकट रेकॉर्डिंग झालं आणि घरी लागलं तेव्हा सगळी भावकी अंगणात बसून ऐकत होती, माझे वडील उठून गोठ्यात गेले, बराच वेळ आलेच नाहीत. याला भावनिक म्हणायचं तर म्हणा, मी माघार घेणार नाही.

यूट्यूबचं म्हणाल तर आत्याकडे साधा फोन आहे, विषय संपला. संस्था ठरवते वगैरेवर परत कधीतरी लिहीन, आत्ता त्यात शिरत नाही.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावानं लिहा आणि त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईला एखादी ओवी येते का ते विचारा. येत असेल तर आजच रेकॉर्ड करून ठेवा.