निर्दोष सुटले म्हणजे तक्रार खोटी?

आमच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. बरेचसे नाशिकमध्येच आहेत, काही पुण्या-मुंबईला आणि आम्ही पाच जण इकडे अमेरिकेत. गेल्या महिन्यात एकाने बातमी टाकली, दलित-आदिवासींवरच्या अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या, म्हणजे अ‍ॅट्रॉसिटीच्या एका खटल्यातून सगळे आरोपी निर्दोष सुटल्याची. खाली त्याचं वाक्य होतं, "बघा, अजून एक खोटी केस." त्यावर वीसेक अंगठे उमटले. दुसऱ्याने मला उद्देशून लिहिलं, "तुमच्याकडे बरंय. पुरावा असेल तरच केस उभी राहते, आणि मग शिक्षा होतेच."

न्यू जर्सीत रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी उत्तर लिहायला घेतलं, ते ग्रुपवर मावेना. म्हणून इथे लिहिते आहे.

आधी माझा अनुभव. चार वर्षांपूर्वी गणपतीत एका मैत्रिणीकडे आरतीला निघाले होते. अंगावर साडी, कपाळावर टिकली. वाटेत नारळ घ्यायला दुकानात थांबले. परत आले तर एका माणसाने माझी ट्रॉली माझ्याच अंगावर जोरात ढकलली आणि माझ्या कपाळाकडे बोट दाखवून, जिथून आलीस तिथे परत जा, असं बरंच काही ओरडला. मनगट मुरगळलं. पोलीस आला, सभ्यपणे बोलला. त्याने दोनच प्रश्न विचारले. नेमके शब्द काय होते? आणि त्याआधी तुमच्यात काही बोलाचाली झाली होती का? झाली होती. त्याला हवी असलेली पार्किंगची जागा मी घेतली होती. संपलं. प्रकरण पार्किंगचं ठरलं. गावाच्या छोट्या कोर्टात त्याला दंड झाला आणि त्या कागदावर माझ्या कपाळाचा उल्लेख कुठेही नव्हता.

मनगटापेक्षा मला ते जास्त लागलं, आणि अजून लागतं.

२०१५ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिल गावात एका शेजाऱ्याने तीन मुस्लिम विद्यार्थ्यांना त्यांच्या घरात शिरून गोळ्या घातल्या. नवरा-बायको आणि तिची बहीण. पोलिसांचं पहिलं पत्रक निघालं ते पार्किंगच्या वादाचं. खुनी २०१९ मध्ये खुनासाठी जन्मभर तुरुंगात गेला, द्वेषगुन्ह्याचा, म्हणजे धर्म-वंशाच्या द्वेषातून केलेल्या गुन्ह्याचा, आरोप मात्र त्याच्यावर लागलाच नाही. तेव्हा कुठे पोलीसप्रमुखांनी त्या जुन्या पत्रकाबद्दल खेद व्यक्त केला.

आपल्याकडे पार्किंगच्या जागी बांध असतो. बांधाचा वाद, पाण्याचा वाद, उधारी, जुनी भांडणं. वाद खरा असतोही. पण त्याच बांधावरून सख्ख्या भावाशी भांडताना जी शिवी तोंडात येत नाही, ती दलित शेजाऱ्याशी भांडताना का येते, हे कोर्टात सिद्ध कसं करायचं? खैरलांजीत २००६ साली एकाच दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. भंडाऱ्याच्या कोर्टाने २००८ मध्ये खुनाची शिक्षा दिली, अ‍ॅट्रॉसिटी कायदा मात्र लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. कारण धरलं गेलं सूडाचं.

म्हणजे खून दिसतो, जखम दिसते, मनातलं दिसत नाही. आणि या कायद्यांना मनातलंच सिद्ध करायचं असतं, तेही संशयाला जागा न ठेवता.

मी राहते त्या राज्याला याची जुनी ओळख आहे. १९८७ साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाने वावरणारी टोळकी भारतीयांना मारहाण करत होती. हा 'डॉट' म्हणजे आपल्या बायकांचं कुंकू. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोझ मोदी या तरुणाला मुलांच्या घोळक्याने बेदम मारलं, त्यात तो गेला. शिक्षा झाली ती मारहाणीची. जर्सी सिटीत एका भारतीय डॉक्टरवर झालेल्या हल्ल्याचा खटला केंद्र सरकारने चालवला. १९९३ मध्ये आरोपी सुटले. इथल्या जुन्या मराठी कुटुंबांत तो काळ अजून सांगितला जातो. आरोपी सुटले म्हणून डॉक्टरची तक्रार खोटी होती, असं म्हणताना मी इथे एकाही मराठी माणसाला ऐकलेलं नाही.

आता "तुमच्याकडे शिक्षा होतेच" याबद्दल. २००५ ते २०१९ या पंधरा वर्षांत अमेरिकेच्या केंद्रीय सरकारी वकिलांपुढे द्वेषगुन्ह्याचे सुमारे १९०० संशयित आले. त्यातल्या ८२ टक्क्यांवर त्यांनी खटला भरलाच नाही, बहुतेकदा पुरावा अपुरा म्हणून. जे कोर्टात उभे राहिले त्यांतले ९२ टक्के दोषी ठरले. ग्रुपवर मिरवला जातो तो हा शेवटचा आकडा. भारतात अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण २०२० मध्ये ३९.२ टक्के होतं, २०२२ मध्ये ३२.४ टक्के. चाळणी दोन्हीकडे आहे. इथे ती कोर्टाच्या दाराबाहेर लावतात, म्हणून आतला तांदूळ स्वच्छ दिसतो. आपल्याकडे गुन्हा नोंदवावाच लागतो, प्राथमिक चौकशीची अट नाही, त्यामुळे चाळण कोर्टात होते आणि सगळ्यांना दिसते.

इथेही शिक्षा टिकते ती बहुतेक आरोपी स्वतः बोलून गेला तर. २०१७ मध्ये कॅन्ससच्या एका बारमध्ये श्रीनिवास कुचिभोतला या हैदराबादच्या इंजिनिअरला गोळी घालणारा माणूस "माझ्या देशातून चालते व्हा" असं सगळ्यांसमोर ओरडला होता. त्याने पुढे द्वेषगुन्हा कबूल केला. तो गप्प राहून गोळी झाडता तर?

आम्ही पंचवटीत वाढलो. २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पाच वर्षं नेटाने चालवला. अडवणाऱ्यांनी तेव्हा कारण लपवलं नव्हतं. आज कारण कोणी बोलून दाखवत नाही, आणि बोललंच तर चार भिंतींआड. कायद्याला शिवी 'लोकांच्या नजरेसमोर' दिलेली लागते. तिथली तशी ठरत नाही, आणि कलम गळतं.

म्हणूनच २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गंभीर गुन्ह्यांच्या कलमातले 'जातीच्या कारणावरून' हे शब्द काढून 'जात माहीत असताना' असे घातले. आरोपी त्या कुटुंबाला ओळखत असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत त्याला जात माहीत होती असंच कोर्टाने धरायचं. ही दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. त्याच वर्षी राज्यभर निघालेल्या मराठा मोर्चांत, नाशिकच्याही, हा कायदा सैल करण्याची मागणी होती. मोर्चातल्या बाकीच्या दुःखांविषयी मला आदर आहे. या मागणीविषयी नाही.

खोट्या तक्रारी होतच नाहीत असं मी म्हणत नाही. पण त्यांच्यासाठी आपल्या पोलिसांकडे वेगळा शब्द आहे, 'ब' समरी. तपासात तक्रार जाणूनबुजून खोटी निघाली तर तो अहवाल जातो. 'सबळ पुराव्याअभावी निर्दोष' हा वेगळा निकाल आहे. दोन्ही एकच धरणारे माझे मित्र शिकलेले आहेत, म्हणून जास्त राग येतो.

मग पुरावा सबळ का होत नाही? नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात २०१४ साली एका दलित शाळकरी मुलाला मारलं. २०१७ मध्ये आरोपी सुटले, कारण एकामागून एक साक्षीदार फितूर झाले. त्याच जिल्ह्यातल्या सोनईतल्या तीन दलित तरुणांच्या खुनाचा खटला मात्र नगर जिल्ह्याबाहेर, आपल्या नाशिकच्या कोर्टात चालला आणि जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. फरक फक्त जागेचा नव्हता हे मान्य. पण जागेचाही होता असं मला ठामपणे वाटतं.

आमच्याच वर्गातला एक जण नाशिकला सीबीएस बस स्टँडजवळच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो. ग्रुपवर तो कधी काही लिहीत नाही. मी त्याला फोन केला. साक्षीदाराला संरक्षण, येण्या-जाण्याचा खर्च, सगळं कायद्यात लिहिलंय, मग प्रत्यक्षात काय होतं, असं विचारलं. तो म्हणाला, "अगं, माझी एक साक्षीदार बाई आहे. सकाळी गावातून एकच एसटी सुटते. तारखेला ती त्याच गाडीने येते आणि आरोपीही त्याच गाडीने येतात. दीड तास. मागच्या तारखेला त्यांनी तिचं तिकीट काढलं."

"मग?"

"मग तिने साक्षीत सांगितलं, शिवी ऐकू आली नाही."