चिंच, पंचामृत आणि पितळी देव : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

'रोज चिंचेने देव घासू नका' या लेखावर तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तर देते. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. देवाच्या स्नानात रसायनशास्त्र कशाला? घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चिंचेनेच देव उजळत आले, कुणाचं काय बिघडलं? देवळांत रोज एवढे अभिषेक होतात, त्या मूर्ती टिकतातच ना? आणि तांब्यात दूध-दही नको म्हणता, मग ताम्हनच तांब्याचं असतं त्याचं काय? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात नेमका आहे, म्हणून तो आधी.

तूप सोडून दूध-दह्यासारखे बाकी गव्य (गाईपासून मिळणारे) पदार्थ तांब्याच्या भांड्यात ठेवू नयेत, हा दंडक माझा नाही, तो जुना आहे. पण तो ठेवण्याबद्दल आहे. दह्यातलं आम्ल तांब्याला लागतं हे खरंच, पण पाच-दहा मिनिटांच्या अभिषेकात त्याचा परिणाम अगदी थोडा. तेच ताम्हन आरती, नैवेद्य, जेवणं होईपर्यंत तसंच राहिलं, की दही कळकतं. कडेला हिरवट-निळसर रेघ दिसते आणि वासही बदलतो. असं पंचामृत तीर्थ म्हणून कुणाच्या हातावर घालू नये. शिवाय ओतीव मूर्तींच्या पितळेत बरेचदा थोडं शिसंही असतं, तेव्हा लहान मुलांच्या बाबतीत तर नकोच. ताम्हन बदलायची गरज नाही. तीर्थापुरतं पंचामृत चांदीच्या, स्टीलच्या किंवा काचेच्या वाटीत आधीच वेगळं कालवून त्याचा नैवेद्य दाखवा, आणि अभिषेक संपला की मूर्ती उचलून लगेच ताम्हन दुसऱ्या पातेल्यात रिकामं करा. ते पाणी तुळशीला मात्र घालू नका. दूध-साखरेने कुंडीत मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात. भरपूर पाणी मिसळून एखाद्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, पाय पडणार नाही असं ओता.

आता चिंच. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. चिंचेतलं आम्ल वरचा काळपट थर विरघळवतं म्हणून मूर्ती लखलखते. पण थर संपला तरी आम्ल थांबत नाही, ते धातूला लागतं, आणि त्यात आधी जातं ते जस्त. तांबं मागे उरतं. चिंचेचा गोळा चोपडून मूर्ती अर्धा तास तशीच ठेवली की अन्नपूर्णेच्या गालावर किंवा बाळकृष्णाच्या गुडघ्यावर जो गुलाबी-लालसर डाग येतो, तो हाच. लोकांना वाटतं मळ राहिला, म्हणून पुन्हा चिंच लावतात आणि डाग पसरतो. अशा डागावर आम्लाचा उपाय नाही. फार झालं असेल तर सोनाराकडून किंवा तांबटाकडून हलकं पॉलिश करून घ्यावं, नाहीतर तो तसाच राहू द्यावा. वर्षभरात भोवतालच्या पितळेचा रंग खाली येतो आणि डाग आपोआप कमी उठून दिसतो.

लिंबू-मीठ त्याहून वाईट. लिंबाने नव्हे, मिठाने. मीठ बारीक छिद्रांत शिरून बसतं, आणि मग धुऊन पुसून ठेवलेल्या मूर्तीवरही काही आठवड्यांनी फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके येतात. पुसले तरी त्याच जागी पुन्हा येतात. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्राकाठी हवेतच खार असतो, तिथे हा प्रकार लवकर दिसतो.

पिढ्यान्‌पिढ्या चिंचच लावत होते, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण ती पद्धत पूर्ण होती, आपण तिचा अर्धाच भाग उचलला. चिंचेनंतर चुलीतली चाळलेली राख लावायची, मग भरपूर पाणी, मग ऊन. लाकडाची राख आम्लाला मारते. पुढे चुली गेल्या, राख गेली, चिंच तेवढी राहिली. पूर्वी देव असे घासायचेही रोज नाहीत. सणावारी, गौरी-गणपतीच्या आधी, घटस्थापनेच्या आधी, दिवाळीला. एरवी साधं पाणी आणि पुसायचं वस्त्र.

आणि बिघडलं नाही असं कसं म्हणायचं? कुठल्याही जुन्या देवघरातली अन्नपूर्णा उजेडात धरून बघा. पळीची कड गोल झालेली असते, डोळ्यांच्या रेघा पुसलेल्या असतात, नाक चपटं झालेलं असतं. मुखवटा ओळखू येईना म्हणून टाक (पत्र्यावर ठशाने उठवलेले देव) नवे करून घेणारी घरं थोडी नाहीत. ही झीज पाण्याची किंवा दुधाची नाही, ती काथ्याची, विटकरीच्या चुऱ्याची, खरखरीत रांगोळीची आणि तारेच्या घासणीची आहे.

घासायचेच असतील तर असे घासा. लिंबाएवढी चिंच अर्ध्या वाटी पाण्यात भिजवून कोळ गाळून घ्या, चोथा नको. मीठ नाही. बोटांनी कोळ लावा, एक-दोन मिनिटांत धुवा. मग राख नसेल तर चमचाभर खाण्याचा सोडा वाटीभर पाण्यात घेऊन त्यात मूर्ती फिरवा. खाचांसाठी मऊ दातांचा ब्रश. मग वाहत्या पाण्याखाली नीट धुवून, जुन्या धुवट धोतराच्या तुकड्याने टिपून, दहा-पंधरा मिनिटं उन्हात. बाजारच्या पावडरीलाही हाच नियम: आधी भांड्याच्या तळाशी लावून बघा आणि मूर्तीवर सुकू देऊ नका.

पंचामृताबद्दल तुम्ही लिहिलंत की मी ते 'बंद करा' म्हटलं. तसं नाही. रोजच्या पूजेत शुद्धोदक, म्हणजे साधं स्वच्छ पाणी, पुरतं, आणि चतुर्थी, एकादशी, प्रदोष, श्रावणी सोमवार, गोकुळाष्टमीला पंचामृत, एवढंच म्हणणं आहे. रोज घालायचं असेल तर जरूर घाला, मग धुण्यालाही तेवढाच वेळ द्या. मूर्ती काळी पडते ती खाचांत राहून गेलेल्या पंचामृताने.

यात आपल्या पूजाविधीचा क्रमच कामाला येतो, तो घाईत गाळला जातो एवढंच. दूध, दही, तूप, मध, साखर, आणि प्रत्येकानंतर शुद्धोदक. पाचही एका वाटीत कालवून एकदम ओतलं की तूप-मधाचा चिकट थर बसतो आणि दही त्याखाली अडकतं. दोन-तीन इंचांच्या मूर्तीला दूध चार पळ्या, दही एक चमचा, तूप आणि मध अर्ध्या-पाऊण चमच्याच्या आत आणि समप्रमाणात नाही, साखर चमचाभर. दही पळीतच थोडं पाणी घालून फेटून घ्या, गुठळ्या नकोत. तूप पातळ पण कोमट. थंडीत ते मूर्तीवर पडता पडता थिजतं, मग कितीही गार पाणी घातलं तरी हलत नाही. साखर विरघळवून घाला, दाणे मूर्तीवर चोळू नका. त्यानंतर गंधोदक (गंध मिसळलेलं पाणी), आणि मग अभ्यंगस्नान: सुगंधी तेलाचं बोट आणि उष्णोदक. हे कोमट पाणी बहुतेक घरी वगळलं जातं, आणि तूप काढणारी पायरी नेमकी तीच आहे. हाताला सोसेल इतपत गरम, दोन तांबे. मग महाभिषेक, पुरुषसूक्त किंवा अथर्वशीर्ष म्हणत संततधार साध्या पाण्याची. दुधाची धार धरायची असेल तर दूध पातळ करून. अभिषेकपात्रात घट्ट दूध घातलं तर छिद्र साईने बुजतं, आणि एकादशनी (रुद्राची अकरा आवर्तनं) चालू असताना धार तुटते ती बहुधा यामुळे.

मूर्ती पोकळ असेल तर उलटी धरून आतून धुवा. बाळकृष्णाच्या बैठकीखालून पांढरं पाणी यायचं थांबेपर्यंत. आंबूस वास येतो तो तिथूनच.

टाकांचं प्रकरण वेगळं. चांदीचा ठशाचा पातळ पत्रा आणि मागे तांब्याचा पत्रा, मधे पोकळी. कडेच्या फटीतून दूध आत गेलं की बाहेर येत नाही. मग आतून हिरवं होतं आणि फटीशी ठिपका दिसतो. टाकांना पंचामृत फुलाने लावा, ओतू नका. साध्या पाण्याचं स्नान झालं की फट खाली येईल असे वस्त्रावर तिरके उभे करा, पाणी निथळू द्या. चिंच तर टाकाला कधीच नको. उजळायचे असतील तर सणाआधी सोनाराकडे द्या, पण तेही दरवर्षी नको, प्रत्येक उजळणीत चांदी जाते.

देवळांचा दाखला दिलात तो नेमका उलट बाजूचा आहे. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाची झीज हा विषय थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 2017 मध्ये न्यायालयापुढे आलेल्या मंदिर समितीच्या ठरावात भाविकामागे अर्धा लिटर आरओचं (यंत्राने शुद्ध केलेलं) पाणी आणि सव्वा लिटर दूध किंवा पंचामृत अशी मर्यादा होती. साखरेची भुकटी चोळायला मनाई होती. 2020 च्या निकालात भाविकांनी लिंग घासू नये हेही आलं. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं 2015 मध्ये रासायनिक संवर्धन करावं लागलं. या पाषाणाच्या मूर्ती, तिथली कारणं पितळेपेक्षा वेगळी. पण अभिषेकाने काही होत नाही, हे देवळांवरून सिद्ध होत नाही.

समई घासूनही पिवळी-काळी राहते असं तुम्ही शेवटी विचारलंत. जळक्या तेलाच्या थरावर चिंच चालतच नाही. आधी समई सुटी करा, ताटली, दांडी, बैठक. गरम पाण्यात धुण्याचा सोडा किंवा रिठ्याचं पाणी घालून अर्धा तास बुडवा, तेल सुटलं की मग चिंच. जोडताना आटे कोरडे हवेत. ओले आवळले की पुढच्या वेळी पकडीशिवाय सुटत नाहीत.

आणि गणपतीतल्या मातीच्या मूर्तीला काय, तर दूर्वेने किंवा फुलाने पंचामृताचं प्रोक्षण, म्हणजे नुसतं शिंपडणं, तेही पायांशी. शाडूवर रंग कच्चा असतो, एका पळीनेही ओघळ येतो. अभिषेक समोर ताम्हनात ठेवलेल्या सुपारीवर किंवा धातूच्या छोट्या गणपतीवर करायचा.