मेंदूच्या लहरी एका डोक्यातून दुसऱ्यात शिरत नाहीत

‘शेजारी बसलं की एकाच्या मेंदूतल्या लहरी दुसऱ्यात शिरतात, मग न बोलता मनातलं कळतं’ हा मेसेज सध्या जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरतोय. अर्धवट आहे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या मेंदूतली हालचाल जुळते, हे खरं. २०१० साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ते दाखवलं. पण रशियन न येणाऱ्यांना रशियन गोष्ट ऐकवली, तर जुळणी गायब! जुळवतो तो समजलेला अर्थ. लहरींचं म्हणाल, तर त्या इतक्या क्षीण, की टिपायलाच डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवावे लागतात.

आमच्या भरीत पार्टीत आजी अहिराणीत किस्सा रंगवते. तिचं वाक्य संपायच्या आत नातवंडं हसतात. पुण्याचा जावई तिच्या मांडीला मांडी लावून बसलेला, पण कोरडाच. वांगी सोलतोय बिचारा.