एस्पेरांतो मराठी माणसाला नेमकी कुठे अडते

एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचं नाव काढलं की ‘ही तर युरोपियनांनी युरोपियनांसाठी केलेली भाषा’ हे उत्तर ठरलेलं. शब्दांपुरतं ते खरं आहे. १८८७ मध्ये भाषेचा निर्माता झामेनहोफ याने वॉर्सात तिचं पहिलं पुस्तक काढलं, त्यातले सुमारे ९०० मूळ शब्द बहुतेक लॅटिन-फ्रेंच घराण्यातले, थोडे जर्मन. मुंबईकराची निम्मी मेहनत ऑफिसातली इंग्रजी वाचवते. ‘बिर्दो’ म्हणजे पक्षी हे कुणी सांगावं लागत नाही. ‘तागो’ म्हणजे दिवस, हे मात्र घोकावंच लागतं.

व्याकरणाचं तसं नाही. ‘तो आपल्या बायकोबरोबर आला’ आणि ‘तो त्याच्या बायकोबरोबर आला’ यांतल्या दुसऱ्या वाक्यात भानगड असू शकते, हे आपल्याला लगेच कळतं. एस्पेरांतोत हाच फरक ‘सिया’ आणि ‘लिया’चा. इंग्रजीवर वाढलेले इथे हमखास अडखळतात. हसणे-हसवणे तसं रीदी-रिदीगी. विशेषण नामाप्रमाणे बदलतं, त्याची तर आपल्याला सवयच.

आपण आपटतो ते कर्माच्या ‘न’वर. मराठीत ‘मुलाला बघतो’ म्हणताना प्रत्यय लागतो, ‘आंबा खातो’ म्हणताना लागत नाही. मग ‘मी मांजास मांगो’ असं सहज तोंडातून जातं. हवं ‘मांगोन’. सजीव-निर्जीव भेद नाही, कर्म म्हटलं की ‘न’. हे ठसलं की उलटी चूक सुरू होते: ‘एस्तास’ (आहे) नंतरही ‘न’ लावला जातो, आणि तिथे तो कधीच नको. तिसरा सापळा दिशेचा. ‘एन ला दोमो’ म्हणजे घरात आहे, ‘एन ला दोमोन’ म्हणजे घरात शिरला. आपलं ‘घरात’ दोन्हीकडे चालतं, त्यामुळे कान सावध होत नाही. यावर उपाय एकच, वाक्य लिहून झालं की क्रियापदाला ‘काय? कुणाला? कुठे आत?’ विचारायचं.

इंग्रजीतल्या ‘द’सारख्या ‘ला’ या उपपदाची धास्ती नको. ज्यांना ते जड जातं त्यांनी सुरुवातीला वापरूच नये, अशी सूट खुद्द १९०५ च्या ‘फुंदामेंतो’ या एस्पेरांतोच्या मूळ नियमपुस्तकातच आहे.

उच्चारात आपण हिंदीवाल्यांच्या पुढे. रोमन लिपीतल्या साध्या ‘सी’चा (c) उच्चार चमच्यातल्या पहिल्या च सारखा, टोपीवाल्या ‘सी’चा (ĉ) चिखलातल्या च सारखा. दोन्ही आपल्या तोंडात आहेत. म्हणूनच टिपणं देवनागरीत काढू नयेत: दोन्हींना एकच ‘च’ आणि आठवड्याने कुठला कुठला ते कळत नाही. आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. इंग्रजी शाळेत शिकलेला माणूस ‘तेलेफोनो’त पहिल्या ‘ते’वर जोर देतो, तो ‘फो’वर हवा.

वेळ घालवायचा तो प्रत्ययांवर. ‘साना’ निरोगी, ‘मालसाना’ आजारी, ‘मालसानुलो’ आजारी माणूस, ‘मालसानुलेयो’ रुग्णालय. ‘माल’, ‘उल’, ‘एय’ असे तीन तुकडे पाठ झाले की पुढचे कित्येक शब्द स्वतः बनवता येतात. पाच-पन्नास शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. तीन महिन्यांत अस्खलित बोलाल असं सांगणारी जाहिरात फ्रेंच किंवा इटालियन माणसाला एक वेळ लागू पडेल. आपल्याला व्याकरण लवकर येईल, शब्द मात्र वेळ खातील.